ठणका

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

मृणालिनीने आज मला थोबाडीत मारली!

सकाळचा चहा. नेहमीसारखाच — आलं घालून, कडक, तिला आवडतो तसा वाफाळता. कप हातात दिला. एक घोट घेतला आणि तिचा चेहरा असा झाला की जणू मी विष पाजतोय. कप भिंतीवर! आणि मी "अगं, अगं" करत पुढे वाकलो तर फाडकन एक ठेवून दिली.

चष्मा उडून सोफ्याखाली गेला. सुंदराबाई स्वयंपाकघरातून धावत आली. "काकू, असं काय ओ? काका आहेत ते!" मृणालिनी तिच्याकडे बघत बसली. मग माझ्याकडे. मी कोण, असा प्रश्न होता डोळ्यांत. राग नव्हता. भीती होती.

तीन वर्षं झाली तिच्या विसरण्याच्या आजाराला. नावं गेली, तारखा गेल्या, मीठ कुठे ठेवतात ते गेलं. पण ही बाई हात उचलणारी नव्हती. टेलिफोन खात्यात ट्रंक एक्स्चेंजवर बसायची — दिवसभर लोकांच्या शिव्या ऐकून घरी हसत यायची. उभ्या संसारात तिने माझ्यावर आवाज चढवलेला मला आठवत नाही. चढवला तो मीच.

गाल अजून चुरचुरतोय. गालाचं काही नाही.

४ फेब्रुवारी

आज चहा सुंदराबाईने दिला. तोही फेकला. म्हणजे राग माझ्यावर नाही तर! बरं वाटलं. बरं वाटल्याची लाजही वाटली.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

नवीन खूळ. "भिंतीत कोण ठोकतंय?"

कालपासून चाललंय. हात कानाशी नेते, डोळे मिटते. "बघा ना, ठोकतायत. खिळा ठोकतायत. सांगा त्यांना, थांबा म्हणावं."

मला काही ऐकू येईना. माझे कान म्हातारे, म्हणून सुंदराबाईला भिंतीला कान लावायला सांगितलं. तिलाही नाही. तरी दुपारी वर गेलो. वरच्या मजल्यावर अनिरुद्ध राहतो, घरूनच काम करतो, गुणी मुलगा. दार उघडल्याबरोबर मी सुरूच केलं — दुपारच्या वेळेला ठोकाठोक करता, खाली आजारी माणूस आहे... तो बिचारा कानातले हेडफोन काढून म्हणतो, "काका, मी सकाळपासून खुर्चीतून उठलो नाहीये. काकू ठीक आहेत ना?"

वाट लागली माझ्या रागाची. म्हणजे आता नसलेले आवाजही ऐकू यायला लागले तिला. हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. पुढच्या पायरीवर असं होतं म्हणाले होते.

पुढची पायरी इतक्या लवकर?

९ फेब्रुवारी, रविवार

दीप्ती आली होती बोरिवलीहून. एकुलती एक लेक, बँकेतली नोकरी, दोन मुलं, आणि दर रविवारी इथे मुलुंडला. थकलेली दिसते पोरगी.

आईला जेवू घालायला बसली. मऊ वरणभात. पहिला घास घेतला, दुसरा थुंकला, तिसऱ्याला दीप्तीचा हात धरून मनगटावर नखं रोवली. दीप्ती ओरडली नाही. हात धुऊन आली आणि माझ्यासमोर बसली.

"बाबा, हे तुम्हाला झेपणार नाही आता."

मी म्हटलं, सुंदराबाई आहे ना.

"ती संध्याकाळी घरी जाते. मग? उद्या तुम्हाला ढकललं, तुम्ही पडलात, तर कुणाला कळणार?"

मग तिने मोबाईलवर फोटो दाखवले. बदलापूरच्या पुढे एक संस्था आहे म्हणे, फक्त अशाच पेशंटची. बाग, स्वच्छ खोल्या, नर्स. जागा सहज मिळत नाही, पण ओळखीतून होईल. मी फोटो बघत होतो. मृणालिनी समोरच खुर्चीत बसली होती, पदराचं टोक चावत. मी दीप्तीला खुणेने म्हटलं, आत जाऊन बोलू. तर म्हणाली, "अहो, तिला काय कळतंय!"

खरं आहे. तरी मी टीव्हीचा आवाज थोडा मोठा केला.

१२ फेब्रुवारी, बुधवार

मेंदूच्या डॉक्टरांशी फोनवर बोललो. मारते, थुंकते, ठोकल्याचे आवाज येतात, रात्री येरझारा घालते. सगळं सांगितलं. त्यांनी शांत करणारी गोळी दुप्पट केली. "हे या आजारात अपेक्षित आहे." किती थंड शब्द — अपेक्षित!

आणखी एक गोष्ट सांगितली. पाणी तोंडात धरून बसते. फ्रिजमधलं गार पाणीच हवं असतं. एक घोट घ्यायचा, गाल फुगवून बसायचं, गिळायचं नाही. कोमट झालं की थुंकते आणि पुन्हा ग्लास पुढे. डॉक्टर म्हणाले, गिळायचं विसरायला लागल्या असतील.

गिळायचं विसरणं! माणूस हेसुद्धा विसरतो? मला वाटायचं ते शरीराचं काम, मनाचं नाही.

१५ फेब्रुवारी

दिवसभर झोपलेली. उठली की "ठोकतायत". आज ओरडली नाही, पुटपुटली फक्त.

मी दीप्तीला फोन केला. म्हटलं, विचार त्या संस्थेत.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आश्चर्य! आज सकाळी उठली ती एकदम शांत. चेहऱ्यावरचा ताण गेलेला. ठोकणं नाही, येरझारा नाही. मऊ खिचडी चार-सहा चमचे खाल्ली, उजव्या बाजूने हळूहळू चावत. चहा दिला, मी दोन पावलं मागे सरकूनच! तर प्यायली. सगळा प्यायली.

गोळी लागू पडली. इतक्या दिवसांत आज पहिल्यांदा पेपर शेवटपर्यंत वाचला.

दीप्तीला सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, यावर जाऊ नका. एक दिवस चांगला जातो, मग पुन्हा. ३ मार्चची जागा मिळतेय, सोडायची नाही." मी हो म्हटलं. चांगल्या दिवशी हो म्हणणं जास्त कठीण होतं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आज लिहवत नाही. तरी लिहितो.

मी सकाळी लाईट बिल, भाजी असं करायला बाहेर पडलो. परत आलो तर मृणालिनी खिडकीशी बसलेली, पाठ माझ्याकडे. वळली आणि माझ्या हातातली पिशवी पडली. डावा गाल सुजलेला. चांगलाच. लाल, तकतकीत, जबड्याच्या कडेपर्यंत.

घरात फक्त सुंदराबाई.

"हे काय? हे काय झालं?"

"मला पण आत्ताच दिसलं काका. सकाळी वेणी घालताना जरासं होतं. मी म्हटलं झोपताना दबलं असेल."

मी तिच्या हाताकडे बघितलं. नुसतं बघितलं. तोंडातून शब्द काढला नाही. पण बघितलं — तिच्या उजव्या हाताकडे, मग मृणालिनीच्या डाव्या गालाकडे. समोरून मारलं तर तिथेच लागेल. आयुष्यभर ड्रॉइंग बोर्डवर रेषा मारल्या, तशी मनात रेष मारली.

तिला कळलं. "काका, आईच्या ठिकाणी मानते मी ह्यांना."

मी दीप्तीला फोन लावला. दीप्ती बँकेतून रिक्षा करून तडक आली. तिने आईचा गाल बघितला आणि बोलली ते सगळं बोलली. दिवसभर मार खाणाऱ्या बाईने एखाद्या दिवशी उलट दिली तर ते समजू शकते म्हणाली, पण माफ नाही करणार. सुंदराबाई रडली नाही. तिने एप्रन काढून घडी घातली, मृणालिनीच्या पायाशी क्षणभर बसली, तिच्या पावलावर हात ठेवला आणि गेली. मृणालिनी तिच्या मागे उठायला लागली. आम्ही तिला धरून बसवली.

दीप्ती म्हणाली, "बघितलंत? घाबरलीये तिला." मला तसं वाटलं नाही.

२२ फेब्रुवारी

दीप्ती राहिली आहे. सूज वाढली. बर्फ लावू देत नाही. संस्थेच्या कागदांवर सही केली. सही वाकडी आली.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आजचा दिवस कसा लिहू?

संस्थेला डॉक्टरचं प्रमाणपत्र हवं होतं, संसर्गाचा आजार नाही वगैरे. म्हणून सकाळी मृणालिनीला घेऊन कोपऱ्यावरच्या आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. अंग गरम होतंच. दीप्ती सांगू लागली, "बाईने मारलंय तिला, तीन दिवस झाले..." डॉक्टरांनी गालाला बोट लावलं मात्र, मृणालिनी किंचाळली! बाहेरचे पेशंट आत डोकावले. डॉक्टर म्हणाले, "मारल्याची सूज तीन दिवसांत उतरते. ही चढतेय. आधी दातांच्या डॉक्टरकडे न्या. आत्ता. प्रमाणपत्राचं नंतर बघू."

नव्वद फुटी रस्त्यावर डॉ. शीतल गायकवाड. तिशीची असेल, केस मागे घट्ट बांधलेले, आवाज अगदी हळू. खुर्चीत बसवायची घाई केली नाही. स्वतः स्टूल ओढून मृणालिनीच्या समोर बसली, स्वतःचं तोंड उघडून दाखवलं. "काकू, मी उघडते, मग तुम्ही." दोघींची किती वेळ ती शाळा चालली. शेवटी उघडलं. तिने छोट्या आरशाने नुसतं बघितलं आणि म्हणाली, "आलं लक्षात."

एक्स-रे काढला. स्क्रीनवर दाखवला. खालची डावी दाढ. वर पांढरं चांदीचं जुनं फिलिंग, त्याच्याखाली काळी भेग, आणि मुळांच्या टोकाशी एक काळा गोल. मी म्हटलं, हे काय?

"इथे हाड विरलंय काका. पू आहे. फिलिंगच्या खालून कीड आत गेली, नसेपर्यंत. हे गालावर दिसतंय ते या दाढेचं."

दीप्ती म्हणाली, "म्हणजे मारलं नाही कोणी?"

"नाही हो."

मला आधी आनंद झाला! मूर्खासारखा आनंद — दाढच आहे ना, एवढंच ना. मग ती विचारायला लागली आणि एकेक प्रश्न छातीवर येऊन बसला.

"गरम काही प्यायल्या की त्रास व्हायचा का?"

चहा! मी म्हटलं, चहाचे कप फेकत होती.

"गार पाण्याने बरं वाटायचं? तोंडात धरून ठेवायच्या?"

दीप्तीने माझ्याकडे बघितलं. मी खाली.

"दुखतंय असं काही म्हणाल्या? म्हणजे... वेगळ्या शब्दांत?"

मी नाही म्हणणार होतो. तोंडातून निघालं, "भिंतीत कोणी तरी खिळा ठोकतंय म्हणायची. कानाशी हात न्यायची. मी वरच्या मुलाला जाऊन बोललो..."

डॉ. शीतलने हातातला आरसा खाली ठेवला. मग म्हणाली, "ठणका काका. नस सुजली की हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला ठणकतं. खालच्या दाढेचं कानात जातं. ठोकल्यासारखंच वाटतं. मला पेशंट अगदी हेच शब्द सांगतात."

हेच शब्द!

"पण मंगळवारी एकदम थांबलं," मी म्हटलं. "शांत झाली. जेवली. आम्हाला वाटलं, गोळीने बरं वाटलं."

"थांबणारच. आतली नस मेली. मेलेली नस दुखत नाही. लोक इथेच फसतात — दुखायचं थांबलं म्हणजे बरं झालं समजतात आणि येतच नाहीत. मेलेल्या नसेत जंतू मोकळे सुटतात. ते मुळातून खाली हाडात उतरतात. मग सूज."

ज्या दिवशी मी पेपर शेवटपर्यंत वाचला, त्या दिवशी तिच्या दाढेत हे झालं होतं!

मी म्हटलं, काढून टाका. आत्ता उपटा. तिने औषधांची चिठ्ठी मागितली, वाचली आणि मान हलवली. मनगट मोडल्यापासून मृणालिनीला दरवर्षी हाडांचं इंजेक्शन देतो. ते चालू असताना दात उपटला तर कधी कधी जबड्याचं हाड भरून येत नाही, उघडंच राहतं. "म्हणून शक्यतो उपटायचा नाही. दात ठेवायचा, आतली घाण काढायची. रूट कॅनाल."

आजवर हा शब्द ऐकला की अंगावर काटा यायचा. वाटायचं, मुळापर्यंत भोक पाडतात आणि नस खेचून काढतात, जिवंत. तिने कागदावर दाढ काढून दाखवली. बरी काढली, प्रमाणात. मुळात आधीपासूनच बारीक नळ्या असतात, नस त्यांतच राहते. दाढेला वरून छोटं दार पाडायचं. नळ्यांत केसाएवढ्या सुया फिरवून सडलेलं सगळं काढायचं, औषधाने धुवायचं. पू त्याच वाटेने बाहेर पडतो. नळ्या स्वच्छ, कोरड्या झाल्या की भरून बंद करायच्या, वर टोपी. बस. "दुखवायला नाही काका, दुखणं काढायला करतात ते."

आज औषध सुरू केलंय. गिळता येईना, श्वासाला त्रास झाला किंवा सूज मानेकडे उतरली तर थेट हॉस्पिटल, इकडे यायचं नाही, असं दोनदा बजावलं. उद्या सकाळी दवाखाना उघडायच्या आधी बोलावलंय. गर्दी नको, आवाज नको म्हणून.

रिक्षाने घरी आलो. उतरताना दीप्ती म्हणाली, "बाबा, आपण त्या बाईला काय काय बोललो."

'आपण' म्हणाली. बोलली ती. पण बघितलं होतं आधी मी.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

झालं. पहिली बैठक झाली.

भुलीच्या इंजेक्शनला तिने माझा हात असा दाबला की अंगठी रुतली. मग डॉ. शीतलने रबराचा पातळ हिरवा पडदा लावला, दाढ तेवढी वर आणि बाकी तोंड झाकलेलं, म्हणजे सुई वा औषध घशात जाऊ नये. मृणालिनीने तो ओरबाडून काढला. पुन्हा लावला, पुन्हा काढला. डोळे पांढरे. आता ही उठणार, आता सगळं फिस्कटणार...

मला काय सुचलं कोण जाणे. तिच्या कानाशी वाकलो आणि म्हटलं, "ऑपरेटर, रत्नागिरीचा ट्रंक कॉल बुक केलाय. लाईन लागेपर्यंत होल्ड करा."

ती थांबली! अख्खी थांबली. मान सरळ झाली. हात मांडीवर. नोकरीवर बसायची तशी.

मी बोलत राहिलो. रत्नागिरी बिझी आहे. सांगली लागतेय. होल्ड करा. अर्जंट आहे, होल्ड करा. डॉ. शीतल खाली मान घालून काम करत होती, एकदा नुसती नजर वर करून "चालू ठेवा" म्हणाली. दाढ उघडली तेव्हा घाण वास आला, आणि पू. इतका पू! एवढ्याशा दाढेत! मी नागपूरपर्यंतचे सगळे कॉल लावले. घसा कोरडा पडला.

शेवटी डॉ. शीतलने तात्पुरतं औषध भरून दार बंद केलं. पडदा काढला. मृणालिनी जड जिभेने, बधिर ओठाने म्हणाली, "लागला?"

मी म्हटलं, लागला गं. बोलले ते.

घरी येऊन बाथरूमचा नळ सोडला आणि रडलो.

२७ फेब्रुवारी

ताप नाही. सूज निम्म्यावर. खिमट खाल्लं वाटीभर. वाटी दाखवून म्हणाली, "अजून."

मेंदूच्या डॉक्टरांना फोन केला. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. म्हणाले, "हे मी विचारायला हवं होतं." गोळी हळूहळू कमी करायची.

माझ्या डोक्यातून जातच नाही. ती बोलत होती. रोज बोलत होती. खिळा ठोकतायत, सांगा त्यांना, थांबा म्हणावं. आणि मी काय केलं? भिंतीला कान लावला!

२ मार्च, रविवार

उद्या मृणालिनीला संस्थेत सोडायचं होतं. मी फोन करून जागा रद्द केली. तिथली बाई चांगली होती, म्हणाली, अडचण नाही, दुसरे आहेत रांगेत. मग दीप्तीला फोनवर सांगितलं; इतके दिवस इथे राहिली म्हणून या रविवारी ती घरीच होती. वाटलं वाद घालेल. ती म्हणाली, "हो बाबा." मग, "मी तिला किती घट्ट धरून भरवत होते बाबा. तोंड दाबून. त्याच गालाला." आणि हुंदका. मी फोन कानाला लावून बसलो, ती रडायची थांबेपर्यंत.

अनिरुद्धलाही जिन्यात सांगितलं. तो म्हणाला, "मस्त, काका!" आणि संध्याकाळी तिच्यासाठी मऊ इडल्या आणून दिल्या. शेजारच्यांना सांगितलं. वॉचमनलासुद्धा.

४ मार्च, मंगळवार

सुंदराबाईकडे जाऊन आलो. फोन ती उचलत नव्हती. दीप्ती आईजवळ थांबली. येते म्हणत होती, मीच नको म्हटलं. घाटकोपरहून मेट्रोने असल्फा, मग टेकडीवर. पायऱ्या, पायऱ्या. दोन ठिकाणी बसलो. नावाने विचारत गेलो.

ती दारात तांदूळ निवडत होती. मला बघून उठली नाही. खरं तर उठू नये असंच मला वाटत होतं. आत खुर्ची होती, तिने मुलीला सांगून बाहेर मागवली. भिंतीवर बाबासाहेबांचा मोठा फोटो, खाली ताजी फुलं. पाणी दिलं.

मी सगळं सांगितलं. दाढ, पू, नस. ती ऐकत होती, हात सुपात चालूच. मग म्हणाली, "आता कशा आहेत काकू?"

"बऱ्या आहेत. जेवतात."

"बरं झालं."

"सुंदराबाई, माझं चुकलं. माफी मागायला आलोय."

"ताई बोलल्या ते मी विसरेन काका. पोरगी आहे, आईसाठी बोलली. तुम्ही बोलला नाहीत. तुम्ही माझ्या हाताकडे बघितलंत." तिने तो हात वर केला, उलटसुलट करून बघितला, जणू पहिल्यांदा बघते आहे. "ज्या एजन्सीने तुमच्याकडे लावलं होतं, त्यांनी मला दुसरीकडे पाठवलंच नाही. म्हातारीला मारते म्हणून."

मला हे माहीत नव्हतं! दीप्तीने एजन्सीला कळवलं होतं. तिथेच बसून मी एजन्सीला फोन लावला, स्पीकरवर, तिच्यासमोर. सगळं खोटं होतं, आमची चूक होती, लेखी देतो, म्हटलं. उद्याच देणार आहे.

"परत याल?" मी विचारलं.

"नाही काका. कामाला नाही येणार." तिने सूप खाली ठेवलं. "बघायला येईन कधी तरी. काकूंना."

उतरताना गुडघे दुखले. दुखू देत.

११ मार्च, मंगळवार

दुसरी बैठक. आज पडदा पहिल्या खेपेलाच लावू दिला! रत्नागिरी, सांगली लावावी लागली, पण नागपूरपर्यंत जावं लागलं नाही. डॉ. शीतलने नळ्या पुन्हा धुतल्या, एक छोटं यंत्र लावून मुळाच्या टोकापर्यंतची लांबी मोजली, आणि गुलाबी रबरासारखं काही तरी भरून बंद केल्या. एक्स-रेमध्ये तीन पांढऱ्या रेषा, टोकाला बरोबर थांबलेल्या. काय सुरेख काम! मी तिला म्हटलं, तू माझ्या हाताखाली असतीस तर तुझ्या ड्रॉइंगला लाल पेन लावला नसता.

ती हसली. म्हणाली, "हाड भरायला काही महिने जातील. टोपी पुढच्या आठवड्यात. आणि काका, यापुढे जेवायला नाही म्हणाल्या, चिडल्या, काही वेगळं बोलल्या तर आधी विचारायचं, कुठे दुखतंय का. आजार वाढला हे सगळ्यात शेवटी."

हे मी मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर लावलं आहे.

१६ मार्च, रविवार

सुंदराबाई आली! एकटीच. दीप्तीही होती. दीप्ती पुढे झाली, हात जोडले. सुंदराबाई म्हणाली, "असू दे ताई," आणि तिला ओलांडून आत गेली. मृणालिनीने तिच्याकडे बघितलं आणि सरकून पलंगावर जागा केली. नाव नाही आठवलं. पण जागा केली. दोघी तशाच बसून राहिल्या. सुंदराबाईने तिची वेणी घातली आणि चहा न घेता गेली.

आजार आहेच. आज मला दोनदा 'मास्तर' म्हणाली, गॅसवर रिकामं पातेलं ठेवलं. पण मारणं नाही, थुंकणं नाही. गोळी जवळजवळ बंद झाल्यापासून वाक्यं बोलते, अख्खी. दीप्ती जाताना म्हणाली, "सुटलो ना बाबा?" मी म्हटलं, सुटलो.

१८ मार्च, मंगळवार

सकाळी तिच्या खोलीत गेलो. पलंगावर कापडी पिशवी भरलेली. दोन साड्या, कंगवा, टॉवेल, चपलाही. मृणालिनी साडी नेसून, पावडर लावून तयार बसलेली. मी म्हटलं, हे काय गं, कुठे निघालीस?

"तुम्ही सांगा. कधी निघायचं?"

"कुठे?"

"मला ठेवायला. बदलापूरला."

जागा रद्द केली हे मी संस्थेतल्या बाईला सांगितलं, दीप्तीला सांगितलं, अनिरुद्धला, वॉचमनला सांगितलं. तिला कोणी सांगितलंच नव्हतं.